रडवू नका, काय करायचं ते सांगा

मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघायला जावं आणि मध्येच एक बाळ यावं. नाकात नळी, छातीवर तारा, शेजारी हुंदके देणारी आई. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की वेळ फार कमी उरलाय. खाली देणगीचं बटण.

पाच सेकंदांनी ‘स्किप’चंही.

या जाहिरातींची चीड येते की नाही? येते. आणि चीड आली म्हणून लाजही वाटते, कारण बाळ खरंच आजारी असतं आणि आईचं रडणंही खरं असतं. जाहिरात उभी असते ती नेमकी आपल्या या लाजेवर.

तान्ह्या बाळांच्या मृत्यूवर जाहिराती करायच्या असतील तर खुशाल करा. हजारदा करा. फक्त एक अट ठेवा. जाहिरात संपली की बाळाच्या उशाशी बसलेल्या माणसाला आज रात्री काय करायचं ते कळलं पाहिजे. ते कळलं नसेल, तर ती जाहिरात कोणासाठी होती?

बाळासाठी नक्कीच नव्हती.

हे जमतं का? जमतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा ब्रिटन घ्या. तिथे वर्षाला हजाराहून अधिक बाळं रात्री पाळण्यात झोपायची आणि सकाळी उठायचीच नाहीत. ताप नाही, खोकला नाही, कसली खूण नाही. आईबापांनी आयुष्यभर स्वतःला कोसायचं, शेजारपाजाऱ्यांनी संशयाने बघायचं आणि डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवायची. सहानुभूती भरपूर होती. बाळं तरीही जात होती.

१९९१ च्या उन्हाळ्यात ॲन डायमंड या टीव्ही निवेदिकेचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. सकाळच्या कार्यक्रमांमुळे घराघरात ओळखीचा चेहरा. ही बाई शोक करून थांबली नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी बाळाला पालथं झोपवण्याचा आणि या मृत्यूंचा संबंध दाखवला होता आणि तिथे आयांना तसं सांगायलाही सुरुवात झाली होती. ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग यांचा अभ्यासही तेच सांगत होता. म्हणजे उत्तर ब्रिटनमध्येच होतं. पाळण्यापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं.

तिने सरकारच्या मागे तगादा लावला. १९९१ च्या डिसेंबरात आरोग्य खात्याची ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली आणि टीव्हीवर ॲन डायमंड स्वतः सांगू लागली. बाळाला पालथं झोपवू नका. फार गरम कपड्यांत गुंडाळू नका. त्याच्याजवळ सिगारेट ओढू नका. बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

संपलं. एवढीच जाहिरात.

नवं औषध नव्हतं, लस नव्हती, यंत्र नव्हतं. काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज मोहिमेआधीच्या तुलनेत तिथले हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटलेले आहेत. बाळाची कूस बदलली आणि हजारो बाळं शाळेत गेली, मोठी झाली. त्यांतल्या बहुतेकांना आपण कशामुळे वाचलो हे ठाऊकही नसेल.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ॲन डायमंड आणि तिच्या नवऱ्याने वृत्तपत्रांना हात जोडले होते, की बाळाच्या अंत्यविधीला येऊ नका. ‘द सन’ने छोटी शवपेटी नेणाऱ्या आईबापांचा फोटो पहिल्या पानावर छापला. छापू नका असं वडिलांनी सांगूनही छापला. पुढे त्याच वर्तमानपत्राने या मृत्यूंवरच्या कामासाठी निधी गोळा करायची मोहीम काढली आणि आईबापांना त्यात सामील व्हायला लावलं. भावनिक दडपण आणून लावलं, असं तिने २०११ मध्ये लेव्हेसन चौकशी समितीपुढे सांगितलं.

एकाच मृत्यूवर दोन मोहिमा झाल्या. एकीने शवपेटी दाखवली, दुसरीने बाळ कसं झोपवायचं ते दाखवलं. बाळं कोणत्या मोहिमेने वाचली, हे सांगायला हवं का?

पण थांबा, ब्रिटनचं कौतुक इथेच आवरतं घेऊ. २००५ मध्ये काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले. निष्कर्ष अंगावर काटा आणणारा होता. पालथं झोपवणं घातक आहे, याचा पुरेसा पुरावा १९७० पर्यंतच हाती आला होता. तेव्हाच तो नीट तपासून सांगितला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० बाळं वाचली असती. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड धरले तर किमान ५०,०००.

मधली वीस वर्षं काय चाललं होतं? सल्ले चालले होते. उलटे सल्ले. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक जगभर पाच कोटींच्या घरात खपलं. त्याच्या १९५०च्या दशकापासूनच्या आवृत्त्यांनी बाळाला पालथं झोपवा असंच सांगितलं होतं. उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल, अशी भीती. तर्क ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पुराव्याशी ताडून मात्र कोणी पाहिला नव्हता.

म्हणून नुसतं ‘सांगा’ म्हणून भागत नाही. तपासून सांगा.

आणि सांगतानाही सुरा दाखवू नका.

हे मी मनाने रचत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आरोग्य खात्याने खरोखर तसं पोस्टर काढलं. मोठ्या माणसांच्या पलंगावर गोड झोपलेलं बाळ आणि त्याच्या शेजारी पांघरुणात भला मोठा खाटकाचा सुरा. बाळाला कुशीत घेऊन झोपणं इतकंच घातक ठरू शकतं, हा संदेश. त्याआधीच्या एका पोस्टरवर पलंगाची पाठ थडग्याच्या दगडासारखी दाखवली होती. बनवणारी सर्व्ह ही संस्था समाजकार्यासाठी विनामोबदला जाहिराती करणारी. हेतूबद्दल शंकाच नको.

पोस्टर जगभर गाजलं. पाळणा परवडत नसेल तर कुठे फोन करायचा, हेही त्याच्यावर लिहिलेलं होतं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं?

सुरा.

त्या शहरात काळी बाळं गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त दराने मरत होती. बाळमृत्यूंचं सर्वांत मोठं कारण होतं दिवस भरण्याआधीचा जन्म. त्यामागे आईची गरिबी, गरोदरपणातले हाल, दवाखान्यापर्यंतची वाट. या गोष्टींचा फोटो निघत नाही. थकून बाळाशेजारी डोळा लागलेल्या आईचा मात्र निघतो. मग सुरा तिच्याच हाती द्यायचा?

घाबरलेली आई काय करते, याचा विचार पोस्टर काढताना कोणी करतं का? पलंगावर झोपायचं नाही म्हणून ती रात्री दोन वाजता बाळाला घेऊन सोफ्यावर बसते, पाजते आणि तिथेच तिला डुलकी लागते. सोफ्यावर बाळासह झोप लागणं हे पलंगापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं, असं ब्रिटनमधले अभ्यास सांगतात. भीतीने तिला कमी धोक्यातून उठवलं आणि जास्त धोक्यात नेऊन बसवलं.

ब्रिटनमधलंच ब्रॅडफर्ड शहर बघा. तिथे दक्षिण आशियाई वस्ती मोठी, मुख्यतः पाकिस्तानी वंशाची. बाळ आईजवळच झोपतं. तरीही झोपेतल्या या अकस्मात मृत्यूंचं प्रमाण त्या घरांमध्ये गोऱ्या घरांपेक्षा बरंच कमी. कारण आया सिगारेट ओढत नाहीत, दारू पीत नाहीत, अंगावर पाजतात, बाळाला घेऊन सोफ्यावर झोपत नाहीत. सुऱ्याचं पोस्टर या आयांना काय शिकवणार होतं?

याचा अर्थ आपलं सगळं बरोबर असाही नाही. लेकीच्या बाळंतपणाला इथून लंडनला किंवा न्यू जर्सीला जाणाऱ्या मराठी आज्या सामानात मोहरीची उशी नेतात. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. तिथली नर्स येते, पाळण्यातली उशी बाहेर काढते, जाड गोधडी बाहेर काढते. आजी दुखावते. नर्सचं बरोबर आहे. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात उशी नको, तोंडावर येईल असं काही नको. आजीला हे कोणी आधी, आपल्या भाषेत, आदराने सांगितलं असतं तर? विमानात बसायच्या आधीच उशी कपाटात राहिली असती.

बरं, जाहिरातीने भांडूच नये का? भांडावं की. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या वॉर ऑन वाँट या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर दुधाच्या बाटलीत कोंबलेलं खंगलेलं बाळ. चित्र सौम्य मुळीच नव्हतं. पण आत सविस्तर लिहिलेलं होतं, की गरीब देशांत बाळदुधाच्या पावडरीची कशी विक्री चालते, घाण पाण्यात कालवलेली आणि परवडत नाही म्हणून पातळ केलेली ती पावडर बाळांचं काय करते. बोट विकणाऱ्याकडे होतं. आईकडे नव्हतं.

त्याचं पुढे काय झालं? स्वित्झर्लंडमध्ये खटला झाला, १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा विक्रीसाठी नियमावली केली. भारताने १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. आज आपल्याकडे बाळदुधाची, दुधाच्या बाटलीची, दोन वर्षांखालच्या बाळांच्या तयार खाद्याची जाहिरात करता येत नाही. टीव्हीवर ती का दिसत नाही, असा प्रश्न कधी पडला होता?

धक्का द्यायचाच असेल तर असा द्या. ज्याच्या हातात बदल करायची ताकद आहे, त्याला.

आता आपल्या मोबाइलवरच्या बाळाकडे येऊ.

त्या जाहिरातीत माहिती का नसते, याचं कारण आळस नाही. त्यामागे हिशोब आहे. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग छापला. काही लोकांना मालीतल्या रोकिया नावाच्या एका भुकेल्या मुलीची गोष्ट दाखवली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दाखवले. एकट्या रोकियाला आकड्यांपेक्षा दुपटीहून जास्त देणगी मिळाली. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. काहींना रोकिया आणि आकडे दोन्ही दाखवले. देणगी पुन्हा घसरली.

म्हणजे माणूस विचार करायला लागला की हात खिशातून बाहेर येतो. रिकामा.

जाहिरात बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून चेहरा ठेवायचा आणि बाकी सगळं काढून टाकायचं. आजार कशाने झाला, टाळता आला असता का, सरकारी उपचार कुठे मिळतात, यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर आपण विचार करू.

२०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या तान्ह्या मुलांसाठी १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनचे निधी उभे राहिले, आठवतं? स्नायू दुबळे करणारा दुर्मीळ जनुकीय आजार. हजारो अनोळखी लोकांनी पैसे दिले. त्या आईबापांचं काही चुकलं असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. आपलं बाळ असतं तर आपणही प्रत्येक दार ठोठावलं असतं. प्रश्न देणाऱ्यांनाही नाही. प्रश्न असा आहे, की ज्या बाळाचा फोटो काढायला कोणी पोचलंच नाही, त्याचं काय?

धारणीच्या किंवा एटापल्लीच्या पाड्यावर दीड किलोचं बाळ थंडीने गार पडतं, तेव्हा तिथे कॅमेरा नसतो. १६ कोटी लागत नाहीत. आईच्या छातीची ऊब, दुपटं, टोपी, आईचं दूध आणि वेळेवर गाडी लागते.

भारतात २०२३ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २५ बाळं पहिला वाढदिवस बघू शकली नाहीत. त्याच्या दहा वर्षं आधी हा आकडा ४० होता, म्हणजे सुधारणा आहे आणि ती मान्य करायला हवी. पण केरळात ५ आणि मध्य प्रदेशात ३७. एकाच देशात. मध्य प्रदेशातल्या आईचं दुःख केरळच्या आईपेक्षा कमी असतं का? तिच्यापर्यंत पोचणारी यंत्रणा कमी असते.

या मृत्यूंची मोठी कारणं गूढ नाहीत. दिवस भरण्याआधीचा जन्म, कमी वजन, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. प्रत्येकावर सांगण्यासारखं काहीतरी आहे. पहिल्या तासात अंगावर घ्या. मध नको, घुटी नको, गुळाचं पाणी नको. नाळेला काही लावू नका. जन्मल्या दिवशी अंघोळ नको. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण ४१.८ टक्के निघालं. दवाखान्यात बाळंतपणं वाढली, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतोच आहे. यावर हुंदक्यांची जाहिरात कोणी काढली आहे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने काय केलं, हे महाराष्ट्राने निदान अभिमानापुरतं तरी लक्षात ठेवलंय. थोडं तपशिलातही ठेवू. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, मणी सरकवत श्वास मोजायचे, उबेसाठी पिशवी द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध द्यायचं. प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती. नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात, असा त्याचा अंदाज होता आणि सरकारी नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या. विधिमंडळ हादरलं, सरकारला समिती नेमावी लागली.

अहवालाला नाव हळवं दिलं. आत मोजणी ठेवली.

याच कामातून २०११ मध्ये देशभर घरभेटींची योजना आली. आशाताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा फेऱ्या मारायच्या, घरी जन्मलेल्या बाळासाठी सात. मोबदला ठरला बाळामागे २५० रुपये. सहाने भागा. एका फेरीला बेचाळीस रुपयेही होत नाहीत. पावसात, चिखलात, नदी ओलांडून. महाराष्ट्रातल्या आशांना वाढीव मानधनासाठी संपावर जावं लागलं, आझाद मैदानात बसावं लागलं. बाळांसाठी गळा काढणाऱ्या किती जाहिरातदारांनी तेव्हा एक ओळ लिहिली?

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला पहाटे आग लागली. दहा बाळं गेली. त्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे ओले झाले, मेणबत्त्याही लागल्या. अग्निशमन यंत्रणा, वायरिंगची तपासणी, रात्रपाळीच्या पुरेशा नर्सेस यासाठी हाक देणारी जाहिरात तुम्ही पाहिलीत? मीही नाही.

वायरिंगला चेहरा नसतो ना.

नियम नाहीत असंही नाही. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ‘ॲस्की’ मुंबईतच आहे, १९८५ पासून. तिने २०२३ मध्ये धर्मादाय जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मदत न करणाऱ्याला लाज वाटावी असं सुचवू नका. ज्यांच्या नावाने मागता त्यांची प्रतिष्ठा घालवणारी दृश्यं दाखवू नका. डिजिटल जाहिरातीतलं अस्वस्थ करणारं चित्र धूसर ठेवा, ज्याला बघायचंय तो उघडून बघेल. उत्तम. आता तुमचा मोबाइल उघडा आणि सांगा, किती बाळं धूसर दिसतात?

नळ्या लावलेल्या त्या बाळाला कोणी विचारलं नव्हतं. उद्या ते वाचलं, मोठं झालं, तर त्याचा उघडा, असहाय फोटो कुठे कुठे असेल, याचा हिशोब कोणाकडे आहे? आणि गेलं, तर जाहिरात कोण थांबवणार?

मला सर्वांत जास्त राग येतो तो मात्र फोटोचा नाही. न लिहिलेल्या ओळींचा येतो.

आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि येण्याजाण्याचा प्रवास मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०११ पासून. सुरुवातीला जन्मापासून ३० दिवसांपर्यंत होता, नंतर वर्षापर्यंत वाढवला. जाहिरातीत आहे?

नाही.

महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कायद्याने. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे. बिलांच्या दोन टक्के रक्कम या रुग्णांच्या निधीत जमा करावी लागते. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. जाहिरातीत आहे?

तेही नाही.

रुग्णालयाच्या बिलासाठी लोकांपुढे पदर पसरणाऱ्या आईला हे आधी कोणी सांगितलं होतं का? की तिला थेट कॅमेऱ्यापुढेच बसवलं? हक्काची खाट मिळाली तर निधीची गरज कमी होते. गरज कमी झाली तर जाहिरात लागत नाही. हा धागा कोणाला दिसत नाही, असं मला वाटत नाही.

मदत करू नका, असं मी म्हणतोय असा अर्थ कोणी काढू नये. करा. आजच करा. पण देण्याआधी दोन प्रश्न विचारा. या बाळाला सरकारी किंवा धर्मादाय योजनेत बसवायचा प्रयत्न झाला का? आणि उरलेले पैसे कुठे जाणार? उत्तर देणाऱ्या संस्था आहेत, चांगल्या आहेत, त्यांना भरभरून द्या. उत्तर न देता आणखी एक फोटो पाठवणाऱ्याला देऊ नका.

आणि जाहिरात बनवणाऱ्यांना एक सरळ मागणी. तुमच्या तीस सेकंदांतले दहा आम्हाला द्या. त्यात संगीत नको, हुंदका नको, फक्त एवढं वाचून दाखवा. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, अंग गार किंवा तापलेलं लागत असेल, श्वास जोरजोरात चालला असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडी फुकट आहे. सरकारी रुग्णालयात वर्षापर्यंतच्या बाळाचे उपचारही फुकट आहेत.